गाडी लावायला गेलाय

"चाखतात सगळं, घेत काही नाहीत मेले. वर फोटो काढतात. तोही माझा नाही, चीजचा!"

ताडपत्रीपलीकडून ओत्ताव्योची कुरकुर सुरू झाली तेव्हा बाजार अजून नीट लागलाही नव्हता. त्याच्या आणि माझ्या दुकानात फक्त ती ताडपत्री. तिच्यातून त्याच्या चीजचा वास माझ्या मालाला लागतो आणि त्याची बडबड माझ्या कानाला. मी मोजे आणि बायकांचे आतले कपडे विकते. पिएवेरोसात जिचं माप मला ठाऊक नाही अशी बाई नाही, आणि चीजच्या वासाची तक्रार घेऊन अजून तरी कुणी परत आलेली नाही.

"सकाळी सकाळी नको ओरडूस," मी म्हटलं. "गेल्या वेळी एकीने अर्धा किलो नेलं ना?"

"अर्धा? पाव! आणि विचारते काय, तर हे तुम्ही स्वतः बनवता का. नाही म्हटलं बाई, मेंढ्याच बनवतात, मी नुसता हिशेबाला असतो."

ही शहरातली मंडळी अलीकडेच यायला लागली आहेत. व्हेनिस-फ्लोरेन्सच्या गर्दीला विटलेली, जिथे कुणी जात नाही असे बाजार शोधत फिरणारी. आमच्याकडे गर्दी नसते असं त्यांना कुणीतरी सांगितलं आहे. ते खरंच आहे. शाळा बंद झाली, बुटांचा कारखाना बंद झाला, मग सुईणही बदलून गेली, कारण तिला काही कामच उरलं नाही. आता गर्दी कुठून आणायची? पण पाहुणे येतात म्हटल्यावर नगरपालिकेने त्यांच्या गाड्यांसाठी चौक मोकळा केला आणि आम्हाला कमानींखाली ढकललं. पूर्वी चौकभर बाजार भरायचा. आता कमानींखाली पिवळ्या रंगाने आखलेल्या थोड्याशा जागा, आणि जागा थोड्या म्हणून हजेरी कडक.

दर गुरुवारी फाउस्तो, म्हणजे नगरपालिकेचा पोलीस, टोपी चढवून कमानींखालून फिरतो आणि सगळ्यांत जुन्या माणसापासून नावं पुकारतो. ज्याच्या नावावर जागा, त्याने 'हजर' म्हणायचं. जो बरेच महिने आला नाही आणि ज्याचा डॉक्टरचा दाखलाही नाही, त्याची जागा रिकामी धरतात. रिकामी जागा मिळते ती कारंज्यापाशी ताटकळणाऱ्यांतल्या पहिल्याला. पहिला म्हणजे द्रिस. मूळचा मोरोक्कोचा, पण शिव्या आमच्यापेक्षा अस्सल देतो. पिशव्या विकतो. दर गुरुवारी गाडी भरून येतो, हजेरी संपेपर्यंत उभा राहतो, कॉफी पितो आणि भरलेली गाडी तशीच घेऊन परत जातो.

"गुएर्रीनो मोरबिदोनी!" फाउस्तोने पुकारलं.

"गाडी लावायला गेलाय," त्याची बायको झेलिंदा म्हणाली.

फाउस्तोने मान हलवली आणि तो पुढे सरकला.

गुएर्रीनो ईस्टरच्या आधीपासून गाडी लावत होता. आता टोमॅटोचा हंगामसुद्धा संपत आला होता.

कधी गाडी लावायला, कधी दात दाखवायला, कधी संडासात. "एवढा वेळ तर माझ्या प्रोस्टेटलाही लागत नाही," असं ओत्ताव्यो एकदा पुटपुटला, तेव्हा मी ताडपत्रीखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली होती. कारण यात हसण्यासारखं काही नव्हतं. परवाना गुएर्रीनोच्या नावावर, त्याच्या बापाकडून आलेला. झेलिंदा कागदोपत्री नुसती मदतनीस. लग्न होऊन त्याच्या गाडीत चढली तेव्हा पोरसवदा होती, तेव्हापासून चाळण्या, लाटणी, पोळपाटाएवढ्या फळ्या, टोमॅटो गाळायची यंत्रं, उंदरांचे सापळे हे सगळं तिनेच निवडलं, तिनेच मांडलं, तिनेच विकलं. गुएर्रीनो गाडी चालवायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. पण मालकच नाही म्हटल्यावर मदतनीस कुणाची? तो गेला असं एकदा कुणी म्हटलं की जागा गेलीच. तिने आपल्या नावाने परवाना मागितला तर मिळेलही, पण रांगेत सगळ्यांच्या शेवटी. आणि या वयात शेवटी म्हणजे काय ते तिलाही कळत होतं.

बरं, गुएर्रीनो कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. तीच तर गोची होती.

आम्ही फिरते व्यापारी, रोज वेगळं गाव. मंगळवारी डोंगरापलीकडे कासालवेंतोचा बाजार. तिथे मोरबिदोनींची जागा कधीच नव्हती, म्हणून झेलिंदा मंगळवारी घरी. आणि मंगळवारी गुएर्रीनो तिथे लोरेत्ताच्या गाडीत उभा राहून भाजलेल्या डुकराचे काप काढतो. पोर्केत्ता. एप्रन बांधून, डोक्याला कागदी टोपी घालून. पहिल्यांदा मी त्याला तिथे पाहिलं तेव्हा माझ्या हातातली छत्री पडली. तो मात्र म्हणाला, "चरबी घालू का, नोएमी?" जसा काही जन्मभर हेच विचारत आलाय. मी "थोडी" म्हटलं. काय म्हणणार? मग त्याने विचारलं, "तिकडे पाऊस झाला का?" तिकडे म्हणजे इकडे. त्यापुढे त्याने कधी काही विचारलं नाही आणि मी कधी काही सांगितलं नाही.

मंगळवारी बघायचं, बुधवारी गिळायचं आणि गुरुवारी झेलिंदाला म्हणायचं, "गुएर्रीनोला नमस्कार सांग गं." असे आमचे वसंत आणि उन्हाळा गेले.

फाउस्तोलाही माहीत होतं, त्याची बहीणच कासालवेंतोला दिलेली. द्रिसला तर सगळ्यांत आधी कळलं, त्याची मंगळवारची जागा लोरेत्ताच्या गाडीसमोरच. त्याने फाउस्तोजवळ एक वाक्य टाकलं असतं तर झेलिंदाची जागा त्याची होती. मी एकदा त्याला विचारलंही, "का रे, बोलत का नाहीस?"

"आणि मग त्या जागेवर उभं कोण राहणार? मीच ना?" तो म्हणाला. "चाळण्यांच्या खिळ्यांना पिशव्या टांगायच्या आणि ही बया दर गुरुवारी समोरून जाणार. नको बाई. मला झोप लागते ती बरी आहे."

झेलिंदाला काय माहीत होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. ती काही बोलायचीच नाही. या वयात गुपचूप गाडी चालवायला शिकली. कुठे, कुणाकडे, देव जाणे. चालवते भयंकर, चर्चच्या पायरीचा कोपरा तिनेच उडवला. पण ती अंधार असतानाच येते, म्हणजे चालकाच्या बाजूने ती एकटीच उतरताना कुणी बघू नये. ते लक्षात आल्यावर आम्ही सगळे मुद्दाम उशिरा यायला लागलो. बारमधून दोन कॉफ्या मागवते. एक आपली, दुसरीत तीन चमचे साखर, गुएर्रीनोला लागते तशी. आपली पिते, मग इकडेतिकडे बघून दुसरीही पिते आणि तोंड वाकडं करते. तिला गोड कॉफी मुळीच आवडत नाही.

ऑगस्टच्या सणाला बाजार नसतो. मी चौकावरच राहते. सकाळी खिडकी उघडली तर रिकाम्या चौकात, बंद कमानींखाली, एकच दुकान लागलेलं. चाळण्या टांगलेल्या, यंत्रं पुसून ठेवलेली, आणि झेलिंदा उभी. मी गाऊनवरच खाली गेले.

"वार चुकला का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग घरी जा ना. आज कोण कुत्रं येणार आहे?"

"घरी काय आहे, नोएमी?"

एवढंच. मी थोडा वेळ तिच्याजवळ उभी राहिले. एक मांजर आलं, सापळ्यांचा वास घेतला आणि गेलं. मग मला चुलीवरचं आठवलं म्हणून मी वर आले. खरं तर चुलीवर काही नव्हतं.

तर त्या गुरुवारी हजेरी झाली, ऊन कमानींच्या पायरीपर्यंत आलं आणि पाहुणे उतरले. एक जोडपं माझ्याकडे वळलं. बाई साठीची, तागाचा सैल सदरा, गळ्यात साखळीला चष्मा. नवरा मागे पिशव्या सांभाळत. तोरिनो शहराचे. बाईचं नाव लुदोविका. ते तिने आल्या आल्या सांगितलं, जणू आता आमचं येणंजाणं राहणार होतं.

"किती निवांत आहे हो इथे!"

"आहे ना," मी म्हटलं. "कधी कधी तर दुपारपर्यंत कुणी निवांतपणा मोडायला येत नाही."

"तुम्हाला कल्पना नाही तुम्ही किती भाग्यवान आहात."

"खरंच कल्पना नाही, सिन्योरा. मोजे सुती दाखवू की लोकरी?"

मोजे तिने नुसतेच कुरवाळले. "आम्ही रोज एक गाव करतोय, छोटी छोटी, बाजाराची. परवा कासालवेंतो केलं. तिथल्या पोर्केत्तावाल्यानेच सांगितलं, गुरुवारी पिएवेरोसाला जाच म्हणून. इतका गोड माणूस! थांबा, दाखवते." आणि तिने फोन माझ्या नाकापुढे धरला.

गुएर्रीनो. हातात सुरी, गाल तुकतुकीत. खांद्यावर एका बाईचा हात, नखं लाल. बाकीची लोरेत्ता फोटोत मावली नव्हती.

"तो म्हणाला, इथे कमानींखाली भांड्यांचं दुकान आहे, पासातेल्लीच्या शेवया पाडायची चकती घ्यायची तर तिथूनच घ्या. कुठलं हो ते?"

"ते आज आलं नाही," मी म्हटलं.

तिने माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. ओत्ताव्योच्या पुढे, चार पावलांवर, लहानमोठ्या चाळण्या वाऱ्यावर हलत होत्या.

"मग ते काय आहे?"

"ते होय? ते… आधी चर्च बघून घ्या ना. आत भिंतीवर फार जुनी चित्रं आहेत."

"जाऊन आलो. कुलूप आहे."

"पाद्रीबाबांची घंटा वाजवा."

"पाद्री रविवारीच येतात म्हणाले, पाच गावांना मिळून एकच आहेत." नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

ताडपत्रीपलीकडून ओत्ताव्यो उडी मारून बाहेर आला. सगळं ऐकलं होतं त्याने. सुरीच्या टोकावर बोटभर जाड चीज. "सिन्योरा, साहेब, चाखा! हवं तेवढं चाखा, फुकट!" इतक्या वर्षांत मी त्याला इतका जाड तुकडा कापताना पाहिलं नव्हतं. बाईने चाखलं, वा वा म्हणाली. नवऱ्याने चाखलं आणि म्हणाला, "दोन किलो द्या."

तिथेच घोटाळा झाला. दोन किलो म्हटल्यावर ओत्ताव्योचे हात आपोआप तराजूकडे गेले. माणूस चांगला आहे, पण शेवटी व्यापारी. तो वजन करत राहिला आणि बाई त्याच्या बगलेखालून निसटून झेलिंदापुढे जाऊन उभी.

"सिन्योरा, तुमचे मोजे राहिले!" मी हातात जोडी नाचवत धावले. तिने मोजे घेतलेच नव्हते.

झेलिंदाने चकती आधीच काढली होती. भोकांची वाटोळी जाड लोखंडी चकती, दोन बाजूंना लाकडी मुठी. एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारी बाई मालाबद्दल मात्र भडाभडा बोलते.

"ही घ्या. भोकं मोठी हवीत. बारीक भोकांची घेतलीत तर रश्शात सगळं विरघळून जातं. पावाचा चुरा, अंडी, चीज घट्ट मळायचं आणि दाबायचं दोन्ही हातांनी. मनगटाने नाही, अंग टाकून. हे असं."

"अगदी असंच म्हणाला तो!" लुदोविकाने टाळी वाजवली. "अंग टाकून!"

"कोण?"

"हे मोजे…" मी म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"कासालवेंतोचा पोर्केत्तावाला. हे दुकान पूर्वी त्याचंच होतं ना? सगळा माल त्याची बायको निवडायची म्हणे. सोन्यासारखे हात होते म्हणाला तिचे."

"होते?" झेलिंदाने विचारलं.

"वारली ना बिचारी. ईस्टरच्या आधी. सांगताना अक्षरशः डोळे भरून आले हो त्याचे." बाईचेही भरून आले. मनाने वाईट नव्हती ती. "आता तुम्ही चालवता का हे? तिच्या नात्यातल्या का तुम्ही?"

"जवळच्याच," झेलिंदा म्हणाली.

लुदोविकाने फोन तिच्यापुढे धरला. झेलिंदाने हात एप्रनला पुसले, फोन घेतला, लांब धरला, जवळ आणला. खूप वेळ बघत राहिली. पलीकडे ओत्ताव्योचा तराजू डुगडुगत होता आणि तो त्यात बघतही नव्हता.

"जाडा झालाय," ती म्हणाली.

फोन परत दिला. मग तिने चकतीला जाड कागद गुंडाळला, सुतळीने बांधला, मुठी टोचू नयेत म्हणून टोकांना आणखी कागद कोंबला. घाईगर्दी नाही. "वापरायच्या आधी तेल लावून ठेवा. आणि धुतलीत की लगेच पुसा, गंज धरते." बाईने पुडकं घेतलं. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. ती नवऱ्याकडे बघायला लागली.

झेलिंदा माझ्याकडे वळली.

"बारीक कापतो का?"

"काय?"

"मंगळवारी. डुक्कर. बारीक कापतो का? घरी पाव कापायला दिला तर एका बाजूला उशी आणि दुसऱ्या बाजूला कागद."

"आता बरा कापतो," मी म्हटलं.

"हं." तिने मान हलवली. "तुम्हालाही सांगितलं का त्याने, मी मेले म्हणून?"

"नाही गं! आम्हाला कसं सांगेल? आम्ही तुला दर गुरुवारी…"

"हो. तुम्ही बघता मला."

लुदोविकाने तोंडावर हात नेला. तिच्या नवऱ्याने पिशव्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या.

आणि नेमका तेव्हाच फाउस्तो बारमधून बाहेर पडला, टोपी काखेत मारून, ओठांना कॉफीचा फेस. झेलिंदाने हाक मारली, "फाउस्तो, जरा इकडे ये."

मी तिचं कोपर धरलं. "झेलिंदा, ऐक माझं. हिवाळा जाऊ दे. डॉक्टरचा दाखला काढू त्याच्या नावाचा, मी बघते कुणाकडून तरी. फाउस्तोसमोर बोलू नकोस. त्याच्या कानावर सरळ गेलं की त्याला कानाडोळा करता येणार नाही."

"जागा जाईल, वेडे!" ओत्ताव्यो ताडपत्रीच्या फटीतून पुटपुटला. "म्हणू दे गुएर्रीनोला काय म्हणायचंय ते. मेलीस तर मेलीस! कासालवेंतोला मेलीस, इथे आहेस ना?"

"इथे कुठे आहे मी?" झेलिंदा म्हणाली. "इथे गुएर्रीनो आहे."

कारंज्यापासून द्रिस आला होता. आमचे चेहरे बघूनच त्याला कळलं असावं. "मी काही ऐकलं नाही," तो कुणी न विचारताच म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला. फाउस्तो येऊन उभा राहिला. झेलिंदाने त्याच्याकडे पाहून, हळू आवाजात, काहीतरी म्हटलं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. फाउस्तोलाही आला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"या कानाने मला कमी ऐकू येतं अलीकडे," तो म्हणाला. फाउस्तोचे कान ठणठणीत आहेत. दोन गल्ल्यांपलीकडची भांडणं त्याला ऐकू येतात. "काय म्हणालात ते कळलं नाही, सिन्योरा झेलिंदा. आणि मला घाई आहे. जातो मी." पण तो गेला नाही. टोपी या हातातून त्या हातात घेत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, तिला आवर म्हणून. मी तिचं कोपर आणखी घट्ट धरलं.

तिने माझी बोटं सोडवली, एकेक करून, न दुखवता. कमानींखाली कुणी हलत नव्हतं. मग तिने तेच पुन्हा, चौकाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं.

"मी मेलेले नाही, फाउस्तो. माझा नवरा मला सोडून गेलाय. ही जागा रिकामी आहे."